समुद्र वजा करताना

सड्याच्या टोकावर आमचं रडार
मिनिटाला चोवीस फेऱ्या मारतं
आणि प्रत्येक फेरीत समुद्र त्याला उत्तर देतो,
न विचारलेलं.
लाट म्हणते, मी. तिच्यामागची म्हणते, मी.
गिरणीवाल्याच्या भुवयांवर बसावं
तसं पीठ सगळ्या पडद्यावर.
त्या पिठात कुठेतरी एखादा दाणा:
बार्ज, ट्रॉलर, नाहीतर नुसतंच
एका माणसाचं लाकडी व्हडें.
मला पगार मिळतो तो दाणा वेचण्याचा.

म्हणून मी एक गाळणी लिहिली.
तिला आधीपासून भोकं पाडलेली नसतात.
ती समुद्र ऐकते, अंदाज बांधते,
पुढचा प्रतिध्वनी एवढा असेल, असा.
मग खरा येतो. खऱ्यातून अंदाज वजा.
उरते ती चूक.
चुकीला एका लहानशा आकड्यानं गुणायचं
आणि तेवढंच शहाणं व्हायचं.
आकडा मोठा घेतला तर बया प्रत्येक लाटेला दचकते,
छोटा घेतला तर भरती आली तरी
ओहोटीचाच हिशेब करत बसते.
सतरा रात्री मी तो आकडा शोधत होते,
थर्मासातल्या गार चहावर.

सापडला.
अठराव्या रात्री पडदा असा काळा झाला
की शिरवईकर साहेब चष्मा काढून म्हणाले,
"व्वा. आता समुद्रच नाही."

तेव्हा खिडकीबाहेर, ग्रँडी बेटाच्या अलीकडे,
एक दिवा जळत होता.
मी खिडकीत पाहिलं. पडद्यात पाहिलं.
पुन्हा खिडकीत.

तो खारीवाड्यातला कायतान.
माणक्यांसाठी नांगर टाकून बसतो,
संध्याकाळी सातपासून, जागा सोडत नाही,
लाटेबरोबर वर, लाटेबरोबर खाली.
सुरुवातीच्या फेऱ्यांत तो चूक होता.
गाळणीनं त्याला मन लावून शिकून घेतलं
आणि नऊच्या सुमाराला
तो समुद्र झाला.

बायण्याला, घरी, आई रोज सकाळी
खिडकीची चौकट ओल्या फडक्यानं पुसते.
फडकं काळं होतं; बंदरावरचा कोळसा.
सुट्टीला आलेली मावसबहीण म्हणाली, "हे काय गं एवढं?"
मी विचारलं, "कुठं काय?"
ते मला त्या रात्री आठवलं.
आठवायचं तसं काही कारण नव्हतं.

सकाळी धक्क्यावर गेले.
कायतान दोरीत शिसं ओवत बसला होता.
मी म्हटलं, तुमचं व्हडें लाकडाचं,
लाकूड फार हळू बोलतं.
तेलाच्या डब्याचे तीन पत्रे काटकोनात जोडा,
काठीवर उंच बांधा.
तो हसला नाही, वर बघितलंही नाही.
"हांव थंयच आसतां, बाय," म्हणाला,
"चाळीस वर्सां. तुजें यंत्र खंय पळयता?"

मग मी आकडा तसाच ठेवला
आणि गाळणीला एक ओळ जास्त लिहून दिली:
एकदा दाणा दिसला की
त्या घरापुरतं शिकणं थांबव.
एवढीशी ओळ. पण तिच्या आडोशानं
काही दांडग्या लाटाही वाचतात,
दाण्याचं सोंग घेऊन पडद्यावर उभ्या राहतात.
साहेबांचा चष्मा पुन्हा नाकावर आला.
"परत घाण?"
नोंदवहीत मी लिहिलं:
खोटे ठिपके, रात्रीला अकरा. राहू दिले आहेत.

काल साडेसातला, ग्रँडी बेटाच्या अलीकडे,
एक ठिपका उमटला,
कोळशाच्या बार्जएवढा ठळक.
बंदरातून लगेच फोन: कुठलं जहाज आहे हे,
आमच्या यादीत नाही?

मी खिडकीत पाहिलं. तोच दिवा.
त्याच्या वर, काठीवर, काहीतरी चमकत होतं.
मी तीन पत्रे सांगितले होते.
त्यानं अख्खं दुकान टांगलंय.